कंट्रोलरसाहेबांची कापसाची भिंत

सोनपेठात शांततेसाठी सगळ्यात जास्त आवाज कुणी केला असेल, तर तो आमच्या शेजाऱ्यांनी. बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी हयातभर भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर भोंगा हातातून सुटला, पण कानातून काही जाईना. रात्री झोप नाही. दुपारी एक ते तीन एवढाच काय तो डोळा लागायचा, आणि तेवढीही झोप गेली तर रक्तदाबाची गोळी दुप्पट करावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे जेवण झालं की ते घड्याळातला सेल काढून ठेवत आणि आमच्याकडच्या मे महिन्यातसुद्धा माकडटोपी घालून आडवे होत.

या बंदोबस्ताला पुरून उरली ती माझी थोरली बहीण. आक्का माझ्याकडेच राहायची. दोन घरांत मिळून चार इंची एकच भिंत. तिला पाठ टेकून आक्का दुपारी गावाकडच्या भाचीशी फोनवर बोलायची, आणि आवाज फोनशिवायच गावी पोचावा अशा बेतानं बोलायची.

"आक्का, फोन हाय तो. हाका कशाला मारायलाव?" पलीकडून गर्जना व्हायची.

"झोपा की मंग, भाऊ. मी काय तुमच्या उशाला बसले का?"

शेवटी त्यांनी भिंतीचंच मनावर घेतलं. आवाज अडतो म्हणे, म्हणून आधी अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला चिकटवायचं ठरलं. माणूस माळकरी, ऑम्लेटच्या गाड्यावरून ट्रे आणताना ते शालीत गुंडाळून आणत, आणि शालीमुळेच गावात नको ती बातमी झाली. आक्कानं तर ओट्यावरून विचारलंच, "माळ काढून खाता का तशीच?" ट्रे त्याच संध्याकाळी परत गेले.

मग पुण्याच्या पुतण्यानं सांगितलं की भिंतीला लाकडी चौकट ठोकून आत जाड, मऊ भरण घालतात. मऊ वस्तू शोधायला लांब जायची गरज नव्हती. भाव वाढायची वाट बघत शेतातला कापूस त्यांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत पडलेला होता. चौकट ठोकली, कापूस ठासला, वरून गोणपाटाचा बारदाना ताणून खिळे मारले. कामाला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत आमच्या गल्लीत दुपारी कुणीच झोपलं नाही.

पुढचा आठवडा ते राजासारखे झोपले. त्यानंतर एका दुपारी टोपीसकट तणतणत आमच्या दारात आले.

"आक्का, शेंगा फोडायलाव का?"

"मी जप करायले."

"मंग कुरकुर कोण करायलंय?"

आम्ही तिघांनी जाऊन त्यांच्या भिंतीला कान लावले. कापूस जिनिंगला गेलेलाच नव्हता, सरकी आतच होती, आणि तालुक्यातले उंदीर भिंतीत पंगतीला बसले होते. दुसऱ्या दिवशी आक्कानं आमची मांजर नेऊन त्यांच्या घरात सोडली. आठवड्यात उंदीर हटले. भिंत उंदरांनी खाऊन जरा खंगली होती, तरी तिनं काम केलं; आक्काचा आवाज पलीकडे नुसता गुणगुणल्यासारखा पोचायचा. त्यांची झोप टिकली, गोळी एकच राहिली.

गेल्या श्रावणात आक्का गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुपारी आमचं घर अगदी त्यांना हवं तसं झालं. मी तरी बोलणार कुणाशी? एके दिवशी त्यांच्या झोपेच्याच वेळी पलीकडे ठोकाठोक ऐकू आली. जाऊन पाहतो तर अंगभर कापूस घेऊन ते पकडीनं बारदान्याचे खिळे उपटत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"काढायलोय." दोन खिळे निघाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ दिस झाले, डोळा लागना. तिकडं तुमी हाव का न्हाई, तेबी कळना. लय गुमान राहता, गुरुजी. दुपारी वाचता न्हवं? मोठ्यानं वाचत जावा."

मास्तरकीतून निवृत्त होईपर्यंत मी वर्गाबाहेर कधी मोठ्यानं वाचलेलं नाही, नंतरही नाही. आता एक वाजला की भिंतीजवळ खुर्ची ओढून वाचतो. दुसऱ्या पानावर पलीकडे घोरणं सुरू होतं. खरं तर तिथं थांबायला हरकत नाही. पण मी पुढची पानं आवाज आणखी चढवून वाचतो. शेवटी शेवटी आक्काला जरा कमी ऐकू यायचं.