बंद खिडक्यांची रेकॉर्ड रूम

उज्ज्वला राठोड पहिल्या दिवशी रेकॉर्ड रूमच्या दारात आली आणि आत पाय टाकण्याआधीच थबकली. आतून वास येत होता. जुन्या कागदाचा, धुळीचा वास तिने गृहीतच धरला होता. पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता, गोडसर आणि घशाला टोचणारा. तो तिच्या ओळखीचा होता. एका पावसाळ्यात तो त्यांच्या घरात शिरला होता आणि बरेच दिवस गेला नव्हता.

तिचा बाप रामधन तेव्हा लोकांच्या वावरात फवारणीला जायचा. कपाशी माणसाच्या छातीपर्यंत वाढलेली, वारा पडलेला, पाठीवर पंप. त्या दिवशी तो दुपारीच तांड्यावर परतला, तोही कुडाला धरून धरून. तोंडातून लाळ गळत होती. "मले दिसून नाही राह्यलं," एवढंच तो म्हणाला. तिच्या आईने, मानीबाईने त्याला ओल्या सदऱ्यासकट गोधडीवर निजवलं, लिंबूपाणी पाजलं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर आधी चिडलेच. कपडे काहून नाही उतरवले, अंग काहून नाही धुतलं, औषधाची बाटली कुठं आहे? बाटली कोणीच आणली नव्हती. रामधन वाचला, पण तेव्हापासून त्याचे हात थरथरतात. आता तो शेळ्या राखतो आणि कपाशीच्या धुऱ्या-बांधावरून जायचं टाळतो.

उज्ज्वला पुसदला ग्रंथालयशास्त्र शिकत होती. सकाळी वर्ग, आणि आठवड्यातल्या काही दुपारी इंटर्नशिप. तिला आणि तिच्या वर्गातल्या धम्मरत्नला गावातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेची रेकॉर्ड रूम मिळाली होती. काम तसं सरळ होतं: जुनी दाखल-खारीज रजिस्टरं ब्रशने साफ करायची, फाटकी पानं सांधायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. जात पडताळणीसाठी लोक लांबलांबून आजा-पणजाची शाळेतली नोंद शोधत यायचे. पान सापडलं तर पोराचं कॉलेज व्हायचं, नाही सापडलं तर नाही.

खोली शाळेच्या मागच्या अंगाला होती. लांबट, बुटकी, एकच दार. खिडक्या होत्या, पण त्यांना आतून फळ्या ठोकलेल्या.

"खिडक्या बंद काहून हाय, काका?" तिने विचारलं.

"उंदरं येते, पाऊस येते, अन् माणसंबी येते," मारोती वानखडे म्हणाले. ते तिथले कारकून. निवृत्ती जवळ आलेली, डोक्याला कायम पांढरा रुमाल. "एकानं खिडकीतून हात घालून पान फाडून नेलतं. तवापासून ठोकल्या. वास येते का तुले? उधईचं औषध हाय. रॅकच्या रॅक खाऊन राह्यली होती, माय. आता पाय."

त्यांनी अभिमानाने टॉर्चचा झोत रॅकखाली टाकला. वाळवीची मातीची नळी वाळून गळून पडली होती. तिच्या बाजूला तीन-चार पाली उताण्या पडल्या होत्या, पांढऱ्या पोटांच्या.

"कोणतं औषध मारता?"

"कृषी केंद्रातलं. कपाशीवर मारते तेच. त्यात अजून एक मिसळतो मी." ते हसले. "नुसत्या एकाले भेत नाही ते आता."

धम्मरत्न मारेगावचा, कापसाच्या पट्ट्यातलाच. त्याला हे वास घरचे होते. "तू लय मनावर घेतं," तो परत जाताना तिला म्हणाला. "आमच्या घरी तर औषधाचे डबे खाटेखालीच राह्यते."

पुढच्या खेपेला पाली झाडून टाकलेल्या होत्या. त्यांच्या जागी एक चिमणी होती. ती दारातून शिरली असणार. उज्ज्वलाने कागदाने उचलून ती बाहेर नेली. चिमणी मेलेली नव्हती, नुसती पंख न हलवता तोंड उघडून श्वास घेत होती. थोड्या वेळाने तोही थांबला.

काम करता करता डोकं दुखायला लागायचं. अक्षरं मधेच विस्कटायची. आधी तिला वाटलं, शाई फिकी आहे. मग बाहेर व्हरांड्यात येऊन तिने शाळेच्या भिंतीवरचं सुवाच्य मोठं नाव वाचायचा प्रयत्न केला, आणि तेही विस्कटलेलंच दिसलं. ती पायरीवर बसून राहिली. दिसणं जाग्यावर यायला बराच वेळ लागला.

मारोतीकाका तर दिवसभर आत असायचे. जेवायचेही आतच, रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर डबा ठेवून. त्यांचे डोळे सतत पाणावलेले असत. थंडीच्या दिवसांतही मानेवरून घाम ओघळायचा. बोलताना ते वरचेवर रुमालाने तोंड पुसत. एकदा एका म्हाताऱ्याला त्यांनी उभं करून ठेवलं आणि मग रॅकसमोर तसेच थांबले.

"काय काढाले आलतो मी?" त्यांनी उज्ज्वलाला विचारलं.

"काका, तुम्ही डॉक्टरले दाखवा. माह्या बाले असंच झालतं."

"शुगर हाय मले. शुगरनं होते."

"शुगरनं लाळ नाही गळत, काका."

त्यांना राग आला. पण त्याच दुपारी तिने आणि धम्मरत्नने मिळून एका खिडकीची फळी उचकटली. ऊन आत आलं, आणि त्या उन्हात वाळलेल्या औषधाची पांढरी भुकटी तरंगताना दिसली. पुढच्या वेळी ते आले तेव्हा फळी पुन्हा ठोकलेली होती, आधीपेक्षा जास्त खिळ्यांनी.

मग धम्मरत्न आजारी पडला. रजिस्टर झटकता झटकता तो उठला, बाहेर धावला आणि पिंपळाखाली ओकला. उलट्या थांबेनात. त्यानंतर तो त्या खोलीत गेला नाही. त्याने भाड्याच्या खोलीवरून फोन केला, आवाज पार उतरलेला. "तू खरं सांगत होती. नको जाऊ आता."

उज्ज्वला तिच्या विभागप्रमुखांकडे गेली. प्रभावती मॅडम चांगल्या होत्या, पण संस्थेला दुखवायला कचरत होत्या. म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्याशी. तोवर मास्क लाव." त्या बोलल्या की नाही, कळलं नाही. मग ती थेट संस्थेच्या सचिवांसमोर उभी राहिली. तपासणी समिती यायची होती आणि साहेब त्या गडबडीत होते.

"वाळवी मेली की नाही?" त्यांनी विचारलं.

"मेली, सर. पण आत माणसं बसतात."

"समितीनं मागच्या वेळी वाळवीवरून आम्हाला झापलं होतं. मारोतीला मी स्पष्ट सांगितलंय, या वेळी एक किडा दिसला तर जबाबदारी त्याची." त्यांनी फोन उचलला. "तुझी इंटर्नशिप किती राहिली? झालीच ना? मग."

घरी रामधनने तिच्या ओढणीचा वास घेतला आणि उठून अंगणात गेला. "उद्यापासून जायचं नाही," तो बाहेरूनच म्हणाला.

"बा, मी नाही गेली तर काका एकटाच राहीन आत."

मानीबाईने ओढणी चुलीपासून लांब, गोठ्याच्या मेढीला टांगली.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी उज्ज्वला शाळेच्या मागे वळली तेव्हा दार बंद होतं. आतून पंपाचा आवाज येत होता. दांडा खालीवर होतानाचा तो कुरकुर आवाज ती झोपेतही ओळखली असती. तिने दार ठोठावलं.

"काका, दार उघडा! आत नका मारू असं!"

"आलो माय. एवढी एकच लाइन राह्यली."

पंप चालू राहिला. मग त्याची लय मोडली. दोनदा थांबून सुरू झाला, आणि एकदम बंद पडला. काहीतरी जड रॅकच्या पत्र्यावर आदळलं.

तिने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. दाराला आतून कडी होती. शिपाई आणि शाळेतले एक शिक्षक ओरडा ऐकून धावत आले. तिघांनी बाक उचलून खिडकीवर आदळला, फळ्या फोडल्या. शिक्षक आत उडी मारायला निघाले तेव्हा तिने त्यांचा शर्ट धरून ओढलं. "थांबा, जरा हवा जाऊ द्या, नाहीतर तुम्हीबी पडसान!" तोंडाला ओढणी आवळून मग तीच चढली आणि श्वास रोखून कडी काढली.

मारोतीकाका दोन रॅकांच्या मधे पडले होते. पंप अंगाखाली फुटला होता आणि पाठ, कंबर, मांड्या सगळं भिजून चिकट झालं होतं. तोंडाला फेस. डोळे उघडे, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. शिपाई आणि शिक्षकांनी पायांना धरून त्यांना व्हरांड्यात ओढलं. उज्ज्वलाने पानं सांधायच्या कात्रीने त्यांचे कपडे कापून काढले. लोक बघत होते, कोणी म्हणालं, "अगं, काय करतेस?" ती बादलीमागून बादली ओतत राहिली. मग परत आत जाऊन दोन्ही बाटल्या पिशवीत घालून आणल्या. रिक्षात ती बाटल्या मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. रात्री काकांना यवतमाळला हलवलं. श्वासाला मशीन लावलं होतं. त्यांची बायको चंदाबाई बाहेर बाकावर बसून होती, पदर तोंडात धरून.

दुसऱ्या दिवशी समिती परत गेल्यावर संध्याकाळी सचिव साहेब दवाखान्यात आले. त्यांनी उज्ज्वलाला जिन्यापाशी बोलावलं. आवाज मवाळ होता.

"हे बघ, पोलीस विचारतील. मारोती गेले काही दिवस तणावातच होता, तुला दिसलंच असेल. घरचं काहीतरी असेल. माणूस असा एकटा कडी लावून घेतो, म्हणजे..." ते थांबले. "आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. तू फक्त एवढंच सांग की दार आतून बंद होतं. बाकी ते समजून घेतील."

तिला कळायला क्षणभर लागला. त्यांना म्हणायचं होतं, काकांनी औषध घेतलं. जीव द्यायला, पिऊन.

"ते प्याले नाहीत, सर. फवारत होते. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी फवारा म्हणून सांगितलेलं कोणी ऐकलंय?" साहेब अजूनही मवाळच बोलत होते. "तुझं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र माझ्याच सहीनं निघायचंय, उज्ज्वला."

ते गेले ते थेट चंदाबाईकडे. तिच्या शेजारी बसून तिच्या कानाशी काही बोलले. साहेब उठून गेल्यावर चंदाबाईचा चेहरा बदलला होता. उज्ज्वला जवळ गेली तेव्हा ती भिंतीकडे बघत पुटपुटत होती, "काय कमी केलं म्या? कायले केलं यायनं असं? आता लोकायले काय सांगू?"

"काकू, माह्याकडं पाहा," उज्ज्वला तिच्या पायाशी बसली. "काकांनी काही घेतलं नाही. पाठीवरचा पंप फुटला. मी कपडे कापले त्यांचे. पाठ भिजली होती, काकू, तोंड नाही. मी सगळ्यायले सांगीन."

चंदाबाईने तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि मग ती रडली, मोठ्याने. आवाज ऐकून नर्स बाहेर आली.

मारोतीकाका शुद्धीवर आले नाहीत. ते गेले त्या दिवशी समितीचा अहवाल शाळेत वाचून दाखवला गेला. अभिलेख उत्तम स्थितीत, वाळवीचा प्रादुर्भाव आढळला नाही, असं त्यात होतं.

पोलिसांपुढे उज्ज्वलाने पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. धम्मरत्न तापात उठून आला आणि त्यानेही सांगितलं. शिक्षक आणि शिपाई आधी गप्प होते. मग शिपाई बोलला, कारण पंप त्यानेच साहेबांच्या सांगण्यावरून आणून दिला होता. डॉक्टरांनी कातडीतून आणि श्वासातून विष भिनल्याचं लिहिलं. चंदाबाईच्या घरी लोक भेटायला आले ते कुजबुजत आले नाहीत. तिला तेवढं पुरे होतं. साहेबांवर चौकशी बसली. ती अजून बसलेलीच आहे.

उज्ज्वलाला प्रमाणपत्र मिळालं नाही. प्रभावती मॅडमनी तिची उरलेली इंटर्नशिप दुसऱ्या ग्रंथालयात लावून दिली आणि त्या संस्थेकडे आपले विद्यार्थी पाठवणं बंद केलं. उज्ज्वलाचं दिसणं अधूनमधून विस्कटतं. डॉक्टर म्हणतात, थांबून पाहू. सुईत दोरा ओवायचा असला की ती तो मानीबाईकडे देते, आणि मानीबाई ओवून देते.

उन्हाळ्यानंतर ती एका कामाने त्या शाळेकडून चालली होती. पोलिसांनी लावलेलं रेकॉर्ड रूमचं सील निघालं होतं. भिंती बाहेरून पांढऱ्या झाल्या होत्या, खिडक्यांवर नवीन पत्रे होते. दारापाशी एक मुलगी हातात ब्रश आणि रुमाल घेऊन कुलूप उघडायची वाट बघत होती. दुसऱ्या कॉलेजची. निशिगंधा नाव.

शिपायाने दार उघडलं. एक म्हातारा नोंद शोधायला आलेला होता, तोही तिच्या मागे आत गेला. त्याने पहिलंच रजिस्टर पुढ्यात ओढलं, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

"बाबा, थांबा!" उज्ज्वला दारातूनच ओरडली. "तोंडात बोट नका घालू!"

म्हातारा दचकला. निशिगंधा तिच्याकडे वळली, थोडी घाबरून, थोडी हसून. "काय झालं, ताई?"

"वास नाही येत तुले?"

"येते ना. इथले सर म्हणाले, पोताईचा, चुन्याचा हाय. चार दिवसांत जाईन."

उज्ज्वलाने एका हाताने म्हाताऱ्याचा दंड आणि दुसऱ्याने तिचं मनगट धरलं आणि दोघांना व्हरांड्यात उन्हात आणलं.