नानांनी कान लावला

रेझिनचा उग्र वास आला की जळगावचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. काचतंतू रेझिनच्या चिकट रसायनात घट्ट बसवून केलेल्या हलक्या विमानात इंजिनाची थरथर भिंतीतून किती आत शिरेल, प्रवाशाला किती आवाज सोसावा लागेल, हे विमान बांधण्याआधीच गणिताने सांगायचं, अशी माझी नवी नोकरी होती. सुट्टीत येताना तसल्या भिंतीचा पाटाएवढा तुकडा मी वडिलांना दाखवायला आणला. आमचे नाना डाळ मिलमध्ये दिवसभर खडखडणाऱ्या चाळणीच्या यंत्रावर कामाला होते. घरीही ते ओरडूनच बोलत, पण आमच्या गल्लीत सगळेच मिलमधले, सगळेच ओरडत आणि हातवारे करत, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटत नसे. "इतला हलका शे! मंग आवाज कसा थांबी?" त्यांनी तुकडा तोलत विचारलं. "थांबत नही नाना, किती येस तेच मोजस मी. कान लावा," मी कानाकडे हात नेत ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाठ करून तुकडा कानाशी घट्ट दाबला आणि डोळे मिटले. मी मागून तुकड्यावर किल्लीने ठोकलं. मग जोरात ठोकलं. चुलीपाशी आई दचकली. नाना हसतमुखाने तसेच उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "ठोक ना रे आता, काय वाट देखस?" आईचा भाकरी थापणारा हात थांबला. प्रवाशांच्या तासाभराच्या त्रासाची काळजी वाहण्याचा मला आजही पगार मिळतो. त्या मिलच्या आवाजाचं गणित मात्र अजून कुणी मांडलेलं नाही.