उंबऱ्याबाहेरचे बूट

परवा दुपारी शारजाच्या घरात मी भात वैरत होते आणि मोबाइलवर लेकीनं पाठवलेला एक फोटो आला. त्या फोटोनं माझा जीव असा टांगणीला लावला की काय सांगू...

आमची अल्फिया दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर ती कोरियाला फिरायला गेली आहे. सोलमध्ये हॉटेल होतं, रिसेप्शन होतं, कॅमेरे होते, तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण पुढे ह्या पोरींनी खेडेगावातल्या एका जुन्या पारंपरिक घरात राहायचं बुकिंग केलं. हानोक म्हणतात तिकडे.

लाकडी घर, वर कौलं, खालून ऊब येणारी जमीन आणि तिच्यावरच अंथरलेल्या गाद्या. ऐकायला छान... पण दारं कागदाची! लाकडी चौकटीला कागद चिकटवलेला, बाजूला सरकवला की उघडलं. मी विचारलं, कडी कसली आहे? तर म्हणे, "मम्मा, छोटा हुक आहे. रिलॅक्स. घरात फक्त एक आजी राहते."

आता खरं सांगते. ह्या ट्रिपला आमचे हे तयारच नव्हते. तीन मुली एकट्या, एवढ्या लांब, कशाला... मीच वकिली केली, की शिकलीसवरलेली आहे, किती दिवस पदराखाली ठेवणार. म्हणजे काही बरंवाईट झालं असतं तर हो म्हणणारी मीच होते.

तर तो फोटो. तिकडे तेव्हा अंधार पडायला आला होता. लाकडी पडवी, तिच्या पायथ्याशी एक चपटा दगड आणि त्या दगडावर काढून ठेवलेली पादत्राणं. खाली लिहिलेलं, 'सो पीसफुल, मम्मा.'

तिन्ही पोरींचे स्नीकर्स मी ओळखले. आणि त्यांच्या शेजारी पुरुषाचे मोठे काळे बूट...

फोटो मोठा करून पाहिला. टाचा झिजलेल्या, आणि कडेला चिखल. ओला चिखल. म्हणजे कुणीतरी आत्ताच बाहेरून आलं होतं. घरात फक्त एक आजी, मग हे बूट कुणाचे?

मेसेज टाकला, एकच टिक. पुन्हा पुन्हा फोन लावला तर बंद. मैत्रिणींचे नंबर माझ्याकडे नव्हते.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, अगदी तसं झालं. आजीचा मुलगा असेल... असला तर कसा असेल? पिणारा असेल का? आणि मधे काय, तर कागद. ह्यांना फोन करावा म्हणून मोबाइल उचलला आणि परत ठेवला. ते हमरिया फ्री झोनमध्ये ड्युटीवर होते, आणि "सांगितलं होतं ना" हे ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

भात तळाला लागला. असरची नमाज पढताना किती रकात झाल्या तेच विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुआ मागून उठतेय तोच फोन वाजला.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड? इतके मिस्ड कॉल?" जमीन गरम, प्रवासाचा शीण, तिघी जेवून जरा आडव्या झाल्या त्या झोपूनच गेल्या. फोनची बॅटरी संपलेली. मी रागावलेसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "ते बूट कुणाचे?"

ती हसायलाच लागली. म्हणाली, आजीच्या नवऱ्याचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. नुसत्या मुली राहायला आल्या की आजी संध्याकाळी ते बूट दगडावर आणून ठेवते, वाटेनं जाणाऱ्याला वाटावं की घरात पुरुष आहे. जेवताना मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर तिनंच हे सांगितलं.

"आणि चिखल?" मी विचारलं.

"शी वेअर्स देम इन द गार्डन, मम्मा. तिला केवढे मोठे होतात, फटक फटक चालते. सो क्यूट."

मला क्यूट वाटलं नाही. मी तिथंच सोफ्यावर बसले आणि मला रडू फुटलं.

माझे बाबा इकडेच गल्फमध्ये, मुसफ्फात एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, दोन-दोन वर्षांनी घरी यायचे. रायगडात समुद्राकाठच्या आमच्या गावात घरोघरी हीच गत होती. बाप्ये गल्फला, घरात बायका आणि पोरं. मगरीबच्या आधी, दिवेलागणीला, अम्मी बाबांच्या जुन्या चपला न चुकता दारात काढून ठेवायची. दुपारी स्वतःच त्या घालून विहिरीवर जाऊन यायची, माती लागावी म्हणून. कोरड्या चपलांना कोण घाबरतो, म्हणायची. मला मात्र वाटायचं, बाबा येणार आहेत म्हणून ठेवते... सकाळी उठल्यावर मी आधी दाराकडे धावायचे.

आणि त्याच अम्मीची लेक मी, चिखल बघून घाबरले. आजीनं बूट ठेवले होते वाटेवरच्या चोरासाठी, आणि पाचावर धारण बसली माझी, इथे शारजात. तिचं नावही मला माहीत नाही. पण माझ्या लेकीच्या दाराबाहेर तिनं आपल्या माणसाचे बूट ठेवले... अल्लाह तिला सुखात ठेवो.

संध्याकाळी गावी अम्मीला फोन केला. ती आता थकली आहे, ऐकू कमी येतं, कोरिया कुठे आहे तेही तिला ठाऊक नाही. मी सगळं सांगितलं. तिला त्यात नवल असं काही वाटलं नाही. तिनं एकच गोष्ट विचारली.

"बूट कोरडे नाय ना ठेवत ती?"

नाही अम्मी, म्हटलं. ओला चिखल होता.

"मग पोरगी निवांत झोपेल. तू पन झोप."