जाऊबाईंचे प्रार्थनाकीटक

माझ्या थोरल्या जाऊबाई बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात धागे कापतात. शिवून आलेल्या शर्टाचे सुटे धागे हेरायचे आणि छोट्या कात्रीने उडवायचे, दिवसभर उभ्याने. घरीही कुणाच्या बाहीला धागा लोंबताना दिसला की हात आधी पुढे जातो, नजर मागून. एकदा बोलता बोलता माझ्या नव्या शालीचे गोंडेच कापले. मी आठवडाभर अबोला धरला.

त्यांच्या लेकीला किड्यांचं वेड. दूरगावी नोकरीला निघताना तिने आईपुढे एक बरणी ठेवली. आत काडीला चिकटलेला, वाळक्या फेसासारखा तपकिरी गोळा. प्रार्थनाकीटकाची, म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणाऱ्या किड्याची अंडी.

"सांभाळशील?"

जाऊबाई नुकत्याच कामावरून आलेल्या, पाय सुजलेले. "किडेच पाळायचे होते तर शिकलीस कशाला?"

पोरगी बरणी तिथेच ठेवून निघून गेली. नंतर फोनवर एवढंच: जेवलीस का? हो. तू? हो. ठेवते. स्वतःचं ते बोलणं जाऊबाईंना आतून खात राहिलं. पाच महिन्यांनी लेक सुट्टीवर येणार होती. तोवर निदान एक कीटक जिवंत ठेवायचाच, असं त्यांनी मनाशी धरलं.

एका रविवारी सकाळी गोळ्यातून बारीक धागे लोंबू लागले. जाऊबाईंनी बरणी उघडली आणि सवयीने कात्रीच्या दोन झटक्यांत धागे साफ केले. मग चष्मा लावला. प्रत्येक धाग्याला एकेक ओलं पिल्लू टांगलेलं होतं. पडलेली पिल्लं तिथेच आखडली. जाऊबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिल्या. दुपारपर्यंत आणखी तीसेक बाहेर आली.

एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून तीस बरण्या. सडक्या केळ्यांवर चिलटं पोसायची, ती यांना घालायची. कामावरून आलं की पाठ टेकण्याआधी प्रत्येक बरणीत पाण्याचा फवारा.

"अहो, तुम्ही स्वतः जेवता की नाही?" मी विचारलं.

"ही जेवली की मग," म्हणाल्या आणि खुर्चीतच पेंगल्या. मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी फवारा मीच मारला.

कात टाकताना कुणी अडकलं, कुणी गुळगुळीत झाकणावरून घसरून मेलं. तेव्हा त्यांनी बरण्यांच्या तोंडाला जुनी, उसवलेली फडकी बांधली. पाचव्या महिन्यात एकच उरलं.

लेक आली ती नेमकी त्याच्या शेवटच्या कातीला. फडक्याच्या लोंबत्या धाग्यांना धरून ते उलटं टांगलेलं, ओले पंख हळूहळू उलगडत होतं. लेक खांद्यावरच्या बॅगेसकट वाकली.

"आई, केवढे धागे सुटलेत! तुला दिसले नाहीत?"

"रोज दिसतात," जाऊबाई म्हणाल्या. हात मांडीखालीच होते. "घरातली कात्री काकूकडे देऊन टाकलीय."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती बॅग उतरवून आईशेजारी बसली.

"जेवलीस का?"

या वेळी जाऊबाई हो म्हणाल्या नाहीत.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "फार दमलेय."