मिठावरचे सहा किलोमीटर

घरतबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या सायकलची हवा सोडली. आधी विचारलं नाही, स्वतःचं नावही सांगितलं नाही. नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, मी माझी नवी कोरी माउंटन बाइक झाडाला टेकवून पाणी पीत होते. साठीच्या आसपासची एक बाई सायकलवरून उतरली. अंगात पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, पायात शाळेच्या पीटीला घालतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. तिने माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला, तोंड वाकडं केलं आणि व्हॉल्व्हचं टोपण काढून नखाने हवा सोडायला सुरुवात केली.

मी ओरडलेच, "अहो, काय करताय?"

"दगडातनं जानार ना तू? मग टायर दगडासारका कशाला? त्याला वाकू दे जरा. तो वाकला नाय तर तू वाकशील."

त्या सकाळी मी दोनदा आपटले होते. त्यानंतर एकदाही आपटले नाही.

पनवेलच्या एका शाळेत बाई तीस वर्षं पीटी शिकवत होत्या. गाव उरणच्या बाजूचं, आईवडील दोघंही मिठागरात राबलेले. शाळेत त्या शुद्ध बोलत, परेडच्या आज्ञा तर अगदी पुस्तकी. सायकलवर बसल्या की मात्र आगरी बोली बाहेर येई. शनिवारी त्या शाळेतल्या नऊ मुलींना नेऱ्याच्या पायवाटांवर सायकल शिकवायच्या, फुकट. रविवारी आमचा ग्रुप असे. मी बेलापूरच्या विमा कचेरीत नोकरीला, राहायला नवीन पनवेलला, चव्वेचाळीस वर्षांची. इतर सगळे साधारण असेच, नोकरीवाले. कुठे जायचं हे दर रविवारी बाईच ठरवत आणि ती वाट त्यांनी त्याआधी पायी चालून पाहिलेली असे. "सायकलवरनं रस्ता दिसत नाय," त्या म्हणत, "सायकलवरनं वेग दिसतो." स्वतः कायम शेवटी असत. कुणी पुढे बोलावलं तर म्हणत, "मागं ऱ्हानाऱ्यालाच सगले दिसतात."

अशा बाईला मी काय करायला लावलं, ते सांगायला बसले आहे. दोन वर्षं होत आली तरी तो धक्का ओसरलेला नाही, आणि तो धक्का मला माझाच बसला आहे.

कच्छला जायची कल्पना सुहासची. सुहास औषधांच्या कंपनीत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ग्रुपमधला सर्वांत वेगवान. जानेवारीत चार दिवसांची रजा काढायची, सायकली रेल्वेने भुजला न्यायच्या आणि वाळवंटात चालवायच्या. तो, मी आणि बाई. बाई आधी तयारच नव्हत्या. "जी वाट मी चालले नाय ती तुमाला कशी दाखवू?" पण आम्ही सोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. पन वाट मीच निवडनार."

मग त्यांनी वाट कशी निवडली! रणाच्या कडेच्या एका वस्तीवर रमजानभाई म्हणून म्हशी पाळणारे गृहस्थ पाहुण्यांना झोपड्या भाड्याने देत. बाई त्यांना रोज फोन लावायच्या. आम्ही विचारलं असतं, उंट आहेत का, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो. बाई आपल्या मोडक्या हिंदीत विचारत होत्या, तिथे काय उगवतं? काटे कुठले? म्हशी कुठवर जातात, कुठून परत फिरतात? मग घरी जमिनीवर नकाशाचा मोठा कागद पसरून त्यांनी पेन्सिलीने रेघा ओढल्या. पहिल्या दिवशी डोंगराची दगडी वाट. दुसऱ्या दिवशी रणाच्या कडेकडेने, बाभळीच्या काट्यांतून, कडक मातीवरून. तिसऱ्या दिवशी गवताळ रानातून परत.

"आणि पांढऱ्या रणातून?" सुहासने विचारलं. "लोक कच्छला त्यासाठीच जातात, बाई."

"फोटो काडाला कडेवर उबं ऱ्हावा. सायकल घालाची नाय. मीठ पांढरं दिसलं म्हंजे सुकलं असं नाय. वर साय हाय, खाली चिखल. सायीवरनं कोन चालतं?" आणि मग हसून, "आमी मिठागरातली मानसं. आमच्या पायांना इचार."

काटे फार होते, म्हणून टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारा द्रव भरून घेतला. बाईंचं छोट्या पडद्यावरचं नीट दिसत नसे, म्हणून त्यांच्या रेघा संगणकावर उतरवून तिघांच्या फोनमध्ये भरायचं काम माझ्याकडे होतं. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता.

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी बाई रमजानभाईंच्या म्हशींचं दूध काढताना बघायला गेल्या होत्या. मी खाटेवर बसून लोकांनी टाकलेले फोटो बघत होते. एका फोटोत पांढऱ्या मिठावरून सायकलच्या टायरची सरळ रेघ गेली होती, क्षितिजापर्यंत. ती जागा आमच्या दुसऱ्या दिवसाच्या वाटेला लागूनच होती. कडेने गेलं तर वीस किलोमीटरचा वळसा, मधून गेलं तर सहा. कुणीतरी गेलंच होतं ना? शिवाय बाईंचे गुडघे दुखत होते, त्यांचे चौदा किलोमीटर वाचतील. असं मी मला समजावलं. खरं कारण एवढंच की मला तो फोटो हवा होता. मी रेघ बदलली, तिघांच्याही फोनमध्ये भरली आणि कुणाला बोलले नाही. वाटलं, पोचल्यावर सांगू, सगळे हसतील.

सकाळी सुहास पुढे, मी त्याच्या मागे, बाई नेहमीसारख्या बऱ्याच मागे. वळणाशी सुहास क्षणभर थांबला. "इथून आत? बाई तर नको म्हणत होत्या." मी म्हणाले, "फोनमध्ये आहे ना? मग चल." हे माझे शब्द. मी ते विसरू शकत नाही.

पहिले दोन किलोमीटर टायरखाली मीठ नुसतं करकरत होतं. मग आवाज बदलला, ओल्या पापडासारखा झाला. सुहासचं पुढचं चाक एकदम आत गेलं आणि तो हँडलवरून उडून खांद्यावर पडला. उठायला गेला तर एक पाय मांडीपर्यंत आत. खालून काळा चिखल वर आला, सडका वास सुटला. मी ब्रेक दाबून उतरले आणि माझेही दोन्ही पाय घोट्याच्या वर बुडाले. आजूबाजूला काही नव्हतं. पांढरं, पांढरं आणि वर ऊन. मी किंचाळायला लागले.

मागून शिट्टी वाजली. शाळेची, पीटीची शिट्टी, दोन छोट्या फुंकरी. आणि बाईंचा परेडवरचा आवाज, "नीता! उभी राहू नकोस! खाली बस! बसूनच मागे सरक!"

मी बसले. पाय सुटले. आमच्या टायरच्या खुणांवरून आत आलेल्या बाई माझ्यापर्यंत पोचल्या त्या सायकल आडवी ढकलत, पोटावर सरपटत. त्यांनी माझीही सायकल आडवी घेतली, दोन्ही फळ्यांसारख्या एकापुढे एक टाकल्या आणि त्यांच्यावरून सुहासपर्यंत गेल्या. साठ वर्षांची बाई! तो वेदनेने ओरडत होता. त्या त्याला म्हणत होत्या, "मागं रेल. झोपल्यासारका रेल. पाय ओडू नको, हालव. चिखलात पानी जाऊ दे." तासाहून जास्त वेळ लागला. बूट आतच राहिला, पाय निघाला. त्यांचे तळहात मिठाने सोलून निघाले होते.

कडेच्या कडक मातीवर त्याला आणून झोपवलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हात उचलत नव्हता. फोनला रेंज नव्हती. बाईंनी आपली ओढणी फाडून त्याचा हात बांधला, उरलेलं पाणी त्याच्याजवळ ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"रमजानभाईला गाडी घेऊन आन. म्हशींच्या वाटेनं जा, कडेनं." मग माझ्या डोळ्यांत बघून, हळू आवाजात, सुहासला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "आता तरी मी काडलेल्या रेघेवरनं जा."

त्यांना कळलं होतं. मी आठ किलोमीटर रडत गेले.

भुजच्या दवाखान्यात सुहासच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको मंजिरी विमानाने आली. त्याला बघून ती बाहेर व्हरांड्यात आली. मी आणि बाई बाकावर बसलो होतो. ती रडतच होती.

"कोणी निवडला हा रस्ता?"

मी नजर खाली घातली. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "मी."

मी बाईंकडे बघतच राहिले. त्या मंजिरीकडे बघत होत्या. "मी निवडला. चूक झाली माझी."

"तुमच्या भरवशावर पाठवलं होतं मी त्याला," मंजिरी म्हणाली. "माझी मुलगी तीन वर्षांची आहे, बाई." बाईंनी ऐकून घेतलं. मी बोलले नाही. आयुष्यात असा थंडगार सुटकेचा श्वास मी कधी घेतला नव्हता, आणि त्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी बोलले नाही.

पनवेलला परतल्यावर पुढचं सगळं आपोआप घडत गेलं. ग्रुपवर लोकांनी लिहिलं, वय झालं की माणसाने थांबावं. कुणी लिहिलं, वाळवंटातली वाट न बघता निवडणं हा निव्वळ हट्ट. रविवारच्या वाटा दुसरेच ठरवू लागले. मग शनिवारच्या मुलींच्या आईवडिलांपर्यंत बातमी गेली. नऊतल्या आठ मुली यायच्या बंद झाल्या. मी सगळं वाचत होते. रोज ठरवत होते, आज लिहीन. सात आठवडे गेले.

शेवटी एका दुपारी बाईंच्या घरी गेले. त्या सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, तुम्ही का नाव घेतलंत तुमचं?"

त्यांनी मान वर केली नाही. "ती मंजिरी रडत होती. तू थरथरत होतीस. त्या टायमाला कोनीतरी उत्तर द्याला पायजे होतं."

"पण माझ्यासाठी इतकं..."

"तुज्यासाठी नाय," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तू सांजच्याला सांगशील. मंग वाटलं, गाडीत सांगशील. मंग वाटलं, पनवेलला गेल्यावर. तुजं ओजं मी दोन घटका धरलं होतं, नीता. तू ते घ्यालाच आली नाय."

 सात आठवडे मी समजत होते की बाईंनी मला वाचवलं, माझी चूक मोठ्या मनाने पोटात घातली. त्या तर नुसती वाट बघत होत्या. त्यांच्या शनिवारच्या मुली एकेक करून जात होत्या आणि त्या माझी वाट बघत होत्या.

"तुम्ही तरी सांगायचं होतं!"

"मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. तू सांगितलं तर ते खरं व्हनार." त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "च्या घेशील?"

पुढच्या रविवारी, निघण्याआधी, सगळ्यांसमोर मी सांगितलं. सुहासही आला होता, हात अजून पूर्ण वर जात नव्हता.  कुणी हेल्मेट बांधायला लागलं, कुणी टायर तपासायला. सुहास म्हणाला, "मी विचारलं होतं तुला वळणावर." एवढंच. मंजिरीने मला फोन करून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. एकही शब्द चुकीचा नव्हता. ती आजही माझ्याशी बोलत नाही. मुलींच्या घरी मी स्वतः गेले. आठांपैकी चार परत आल्या.

रविवारच्या वाटा पुन्हा बाई ठरवू लागल्या. मला वाटलं, आता सगळं जागच्या जागी आलं. आपटा गावाला नदीकाठच्या वाटेने जायचं ठरलं तेव्हा मी कागदासाठी हात पुढे केला. बाईंनी कागद सुहासकडे दिला. "हे तू भरून घे रे." माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाल्या, "तू चालव. माज्या पुडंच ऱ्हा." मी चालवत राहिले. डबा एकत्र खायचो, त्या माझ्या टायरवर अंगठा दाबून बघायच्या, तापात मला पेज आणून दिली. कागद मात्र नाही. वर्षभरात एकदाही नाही.

यंदा पावसाळ्याच्या आधी बाईंच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी उशीर झालाय म्हणून सांगितलं. इतकी काटक बाई तीन आठवड्यांत अंथरुणात दिसेनाशी झाली. मी रोज कचेरीतून परतताना जात असे. एक दिवस त्यांच्या भाचीने मला उशाशी बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाईंचा हात हातात घेऊन मी विचारलं, जे वर्षभर विचारायचं होतं.

"बाई, अजून रागावलाय का माझ्यावर?"

त्यांनी डोळे उघडले. "राग? राग कवाच गेला, बाय." मग त्यांनी श्वास गोळा केला.  आणि म्हणाल्या, "भरवसा येतोय. पन तो सायकलवर बसून नाय येत. चालत येतोय."

चार दिवसांनी बाई गेल्या. तो भरवसा कुठवर आला होता, हे विचारायचं राहून गेलं.