भरदुपारी घरफोडी, आणि चोरांसाठी काकांनी गाडी बाजूला घेतली

मागच्या महिन्यात एका रविवारी भरदुपारी आमच्या घरी चोरी झाली. आणि चोरांचा टेम्पो दारापर्यंत यावा म्हणून समोरच्या काकांनी स्वतःची गाडी बाजूला घेतली!

हो, बरोबर वाचलंत.

नवीन जालन्यात एका कॉलनीत आम्ही चार वर्षांपासून भाड्याने राहतो. नवरा बियाण्यांच्या कंपनीत कामाला, मी घरीच ब्लाउज शिवते. त्या दिवशी भाचीचं बारसं होतं म्हणून दोघंही माझ्या माहेरी अंबडला गेलो होतो. दिवस मावळताना परत आलो तर कुलूप तुटलेलं, दार नुसतं लोटलेलं...

टीव्ही गेला, गॅसची टाकी गेली. ते एक वेळ सोडा. माझी शिलाई मशीन गेली, पिकोची मशीन गेली. आणि जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका नवरीचं गाठोडं गेलं. तिच्या ब्लाउजची कापडं, फॉल लावायला दिलेला शालू... सगळं.

मी तिथंच फरशीवर बसले. स्वतःचं गेलं तर माणूस रडून मोकळं होतं. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेलं गेलं तर त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं?

पोलीस आले, पंचनामा झाला. कोणी काही पाहिलं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा समोरचे मोरे काका पुढे आले. एसटीतून रिटायर झालेले, दिवसभर ओट्यावर बसलेले असतात.

"मला वाटलं तुम्ही घर खाली करून राह्यले," काका म्हणाले. "पोरं लई अदबीनं बोलली वो. 'काका, जरा गाडी बाजूला घेता का?' म्हणाली. मंग घेतली मी."

वरच्या मजल्यावरच्या शिंदे वहिनींनीही गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. "म्हणलं, मालकानं काढलं असंल तुम्हाला. इचारलं तर तुम्हाला बरं वाटलं नसतं, म्हणून न्हाई इचारलं..."

बघा, किती ती माझ्या मनाची काळजी! मशीनचा आवाज होतो हे सांगायला मात्र याच वहिनी दोनदा खाली आल्या होत्या. एक फोन करता आला नाही?

दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईकडे गेले. त्या रडल्या, मग मला खूप बोलल्या. मी ऐकून घेतलं, त्यांचं काय चुकलं? तसलंच कापड बाजारात शोधून आणलं आणि मैत्रिणीच्या दुकानात बसून ब्लाउज शिवले. शालू मात्र त्यांना दुसरा घ्यावा लागला. ते अजून मनाला लागतं.

त्याच आठवड्यात कॉलनीची मीटिंग झाली. मला वाटलं, निदान दोन शब्द धीराचे बोलतील. तर चर्चा कसली? कॅमेरे लावा, गेट बसवा, भाजीवाल्यांना बंदी करा. आणि शेवटी एक साहेब म्हणाले, "भाडेकरूंकडं कोण येतं, कोण जातं, त्याच्यावर बराबर लक्ष पाहिजे."

इथं माझं डोकं फिरलं. मी कधी चार माणसांत बोललेली नाही, पण उभी राहिले. "चोरी माझ्या घरी झाली आणि पहारा माझ्यावरच? चोरांना वाट कोणी दिली, भाडेकरूनं का भाजीवाल्यानं? चार वर्षं झाली मला इथं. माझं नाव काय आहे, सांगा कोणीतरी!"

तिथल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज मी शिवलेले, पण मी म्हणजे नुसती 'टेलरवाली'. एकालाही नाव सांगता आलं नाही. मी मात्र खाली बसले नाही.

मग मोरे काका उठले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि सगळ्यांदेखत खिशातून मोबाइल काढला. "ताई, तुमचं नाव सांगा आन् नंबर बी सांगा." त्यांच्यामागं एकेकानं मोबाइल काढले. कॅमेरे नंतर लागले, पण माझ्या मते त्या दिवशी कॉलनीत पहिल्यांदा काहीतरी कामाचं झालं.

आता कुणी गावाला निघालं तर शेजारी सांगून जातं. कुणाच्या घरातून सामान निघालं की आधी फोन जातो.

परवा मी मस्तगडला नवरीच्या आईकडेच गेले होते. लग्न झालं तरी त्यांनी पुन्हा काम दिलं, हे त्यांचे उपकार. तिथं असतानाच मोरे काकांचा फोन...

"सुनंदाताई, एक जण तुमचं कुलूप उघडून राह्यलाय. पोत्यासकट धरलाय त्याला. म्हणतो, मी भाऊ हाये. सोडू का ठेवू?"

मागून माझ्या भावाचा आवाज येत होता. "अगं, सांग की यांना! ज्वारी आणली तुझ्यासाठी, मी काय चोर दिसतो का?"

चावी मीच त्याला देऊन ठेवली होती, सांगायचं मात्र राहून गेलं. घरी पोचले तर भाऊ काकांच्या ओट्यावर तोंड फुगवून बसलेला, हातात त्यांच्याच घरचा चहा. भावाची माफी मागितली. काकांचे आभार मानले, अगदी मनापासून.

माझ्या मशीन काही सापडल्या नाहीत. आणि खरं सांगू? त्या रविवारचा राग अजून गेलेला नाही, तो जाऊही नये असं वाटतं. शेजारधर्म आठवायला कुणाचं तरी घर फुटावं लागतं, याचा राग यायलाच पाहिजे.