नारूवाली मावशी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. नारू पाण्यातून कसा पसरतो याचं संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरांचा मी मदतनीस होतो. अमडापूरजवळच्या एका गावात आम्ही आठवडाभर बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी तपासत होतो. तिथं एक बाई रोज यायची. पिंडरीतून निघालेला नारू, म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत, काडीला गुंडाळून तिनं चिंधीनं बांधला होता, आणि तोच पाय पाण्यात बुडवून ती घागर भरायची.

"मावशी, पाय बाहेर ठेवा," असं मी रोज सांगायचो. ती मान डोलवून पायऱ्या उतरायची. पाचव्या दिवशी वैतागून मी तिला सूक्ष्मदर्शकातून पाण्यातले किडे दाखवले. "तुमच्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, हे किडे त्यांना गिळतात आणि पाण्याबरोबर ते किडे तुमच्याच पोटात जातात. आता तरी पटलं?"

"मले तं पयल्याच दिवशी पटलं व्हतं, बाबू. पन दोरानं पानी काढाची विहीर पाटलाच्या आवारात हाये, अन् तिथं आमाले शिवू देत नाहीत. पाय न बुडवता पानी कसं भरू, तूच सांग."

उरलेले दोन दिवस तिची घागर मी पाटलाच्या विहिरीच्या पाण्यानं भरून दिली. मग आमचा मुक्काम हलला.